जोखमीच्या गरोदरपणात घरी बीपी कसं मोजायचं: माझ्या वहीतून

माझ्या वहीच्या एका पानावर एकाच सकाळचे तीन आकडे आहेत: १४८/९४, १३८/८८, १२६/८०. पहिला जिना चढून आल्या आल्या घेतलेला. पलंगाच्या कडेवर बसले होते, पाय लोंबकळत होते आणि थोरली डब्यासाठी मागे लागली होती. दुसरा पाच मिनिटांनी, पण हात मांडीवर ठेवून. तिसरा खुर्चीत पाठ टेकून, हात टेबलावर, घरात सगळ्यांना गप्प करून. मशीन तेच, दंड तोच.

पहिला आकडा बघून मी रडले होते, कारण थोरलीच्या वेळचं सगळं आठवलं. तेव्हा डोहाळजेवण झालं आणि रिवाजाप्रमाणे मी कोल्हापुरातून भुदरगडातल्या माहेरी गेले. तिकडे एका दवाखान्यात घाईघाईत, खांद्याला पिशवी तशीच असताना बीपी घेतलं, 'ठीक आहे' म्हणाले आणि कार्डावर काहीच लिहिलं नाही. चार दिवसांनी रात्री उजव्या बरगडीखाली आवळून दुखायला लागलं. आई म्हणाली, "अगं, पित्त हाय ते. परवा मिसळ खाल्लीस न्हवं? जिऱ्याचं पाणी पी आन् पड जरा." सकाळी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा कुठे गाडी काढली. बीपी १७६/११२ निघालं. लेक पस्तिसाव्या आठवड्यात सिझरने झाली आणि सतरा दिवस काचेच्या पेटीत राहिली.

दुसऱ्या खेपेला आठव्या आठवड्यापासून वही ठेवली. मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. खाली जे लिहितेय ते माझ्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी बसवून शिकवलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळ्या मर्यादा सांगितल्या असतील तर त्याच धरा.

हे कुणासाठी

आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं, दिवस जाण्याआधीपासून बीपी, मधुमेह किंवा किडनीचा त्रास आहे, जुळं आहे, वजन बरंच जास्त आहे, वय पस्तिशीच्या पुढे आहे, आईला किंवा सख्ख्या बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता, पहिलीच खेप आहे, किंवा दोन खेपांमध्ये दहा वर्षांहून जास्त अंतर पडलंय. यातलं काही लागू असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. नववा महिना लागेपर्यंत थांबू नका. कारण ज्यांना गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराचा धोका जास्त आहे त्यांना ॲस्पिरिनची लहान गोळी (७५ ते १५० मिलिग्रॅम) बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. उशिरा सुरू केली तर तिचा उपयोग कमी होतो. ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, पण 'मला ती लागेल का?' हे आपणहून विचारायचं. मला पहिल्या वेळी विचारायचंच माहीत नव्हतं.

आणि एक. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर पाकिटावरचं नाव वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होतो. दिवस राहिल्याचं कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, ते गोळी बदलून देतील. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा या गोळ्या गरोदरपणात नेहमी वापरतात.

मशीन आणि पट्टा

दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या. मनगटावरचं नको, बोटावरचं तर नकोच. मेडिकलवाल्याला 'चांगलं मशीन द्या' म्हणण्याऐवजी मॉडेलचं नाव विचारा आणि ते गरोदर बायकांवर तपासलेलं आहे का ते बघा. स्ट्राइड बीपी या संस्थेच्या वेबसाइटवर अशा मशीनची यादी आहे, गरोदरपणासाठी वेगळी. हे एवढ्यासाठी सांगते की गरोदरपणातला बीपीचा आजार जोरात असतो तेव्हा काही साधी मशीन खरं बीपी कमी दाखवतात. इतरांच्या बाबतीत बरोबर चालणारं मशीन नेमकं आपल्याच वेळी फसवू शकतं.

पट्ट्याकडे फार कुणी बघत नाही. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. बहुतेक मशीनबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो, नेमका आकडा पट्ट्यावर छापलेला असतो. घेर त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो. लहान पट्टा जाड दंडावर ओढून बांधला की बीपी खोटं जास्त दिसतं, आणि बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला की खोटं कमी.

मशीन घेतल्यावर पुढच्या तपासणीला ते सोबत न्या. डॉक्टरांच्या मशीनवर आणि आपल्यावर पाठोपाठ मोजून घ्या, दोन्ही आकडे वहीत लिहा. दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तसंच. सेलची एक जादा जोडी घरात ठेवा.

मशीन घेणं जमत नसेल तरी अडून बसू नका. आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र, कुठेही बीपी मोजून मिळतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जोखमीच्या बाईच्या कार्डावर तिथे लाल स्टिकर लावतात. तो लागला म्हणून काहीजणी खट्टू होतात. लावून घ्या. गर्दीत कार्ड पुढे केलं की समोरच्याला एका नजरेत कळतं.

बसायचं कसं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या. लघवी दाबून बसलं तर बीपी चढतं. चहा, कॉफी अजून घ्यायची नाही. आधी घेतली असेल तर अर्धा तास जाऊ द्या. बीपीची गोळी चालू असेल तर सकाळची गोळी मोजून झाल्यावर घ्या.

पाठीला टेकू असलेली खुर्ची घ्या. स्टूल, पलंगाची कड, सोफ्यात रुतून बसणं, काहीच नको. तळपाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. उंची कमी असेल आणि पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. मी देवघरातला पाट घ्यायचे. मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. मोबाइल बाजूला, टीव्ही बंद, बोलणं बंद. पाच मिनिटं किती मोठी असतात ते तेव्हा कळतं.

दंड उघडा हवा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तिची वळकटी होते आणि तीच दंडाला आवळते. त्यापेक्षा सैल बाहीचा गाऊन घाला किंवा हात बाहीतून बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खोबणीपासून दोन बोटं वर. नळी दंडाच्या आतल्या बाजूने खाली यावी. पट्टा इतपत घट्ट की एक-दोन बोटं आत जातील.

हात टेबलावर, तळवा वर, मूठ सैल. पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला यायला हवा. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिला तर बीपी सात-आठ आकड्यांनी जास्त दिसतं. माझ्या वहीतल्या दुसऱ्या आकड्याची गोम हीच होती.

झोपून मोजू नका. पोट मोठं झाल्यावर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, बीपी उतरतं, घेरी येते. डाव्या कुशीवर झोपून वरच्या हातावर मोजलं तर तो हात हृदयाच्या वर असतो, म्हणून आकडा खोटा कमी येतो. घरातले प्रेमाने 'पडल्या पडल्या घेऊ की' म्हणतात, त्यांना हे समजावून सांगा.

बटण दाबल्यावर गप्प बसायचं. एक आकडा आला की पट्टा तसाच ठेवून एक मिनिट थांबा, मग दुसरा घ्या. दोन्ही लिहा. चांगला तेवढाच लिहायचा, असं नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. जिकडे जास्त येईल तो दंड पुढे कायम धरा.

किती वेळा मोजायचं ते डॉक्टर ठरवतील. माझं गोळी चालू झाल्यावर रोज सकाळी आणि संध्याकाळी जेवणाआधी होतं. त्याआधी आठवड्यातून तीनदा. भीतीपोटी तासातासाला मोजू नका. भीतीनेच आकडा चढतो, चढलेला आकडा बघून भीती वाढते, आणि रात्र जाते.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाइलमध्येही ठेवा हवं तर, पण रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या हातात वही देणं सोपं असतं.

आतल्या पहिल्या पानावर नाव, शेवटच्या पाळीची तारीख, बाळंतपणाची तारीख, रक्तगट, चालू गोळ्या मिलिग्रॅमसकट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि घरच्या दोघांचा फोन. आणि ठळक अक्षरांत पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. बीपी मधल्या महिन्यांत आपोआप थोडं खाली येतं आणि शेवटच्या तीन महिन्यांत परत वर जातं. माझं सुरुवातीचं १०४/६६ होतं. पुढे १३२/८४ दिसलं तेव्हा आकड्याच्या हिशेबाने ते बीपी 'वाढलेलं' नव्हतं, पण माझ्यासाठी ती चढण होती. डॉक्टरांनी पहिलं पान बघितलं आणि पंधरा दिवसांऐवजी चौथ्या दिवशी बोलावलं.

मधेच बरं दिसतंय म्हणून गोळी बंद करायला मन होतं, तेही याच मधल्या महिन्यांत. करू नका.

रोजच्या ओळी माझ्या अशा असत:

१४ तारीख, ३१ आठवडे. सकाळी ७:१०. १२८/८२, १२६/८२. उजवा दंड. डोकं नाही. सूज पायाला. हालचाल चांगली.

१४ तारीख. संध्याकाळी ७:३०. १३६/८८, १३४/८६. डोकं जड. गोळी ८ ला घेतली.

१५ तारीख. सकाळी ७:०५. १३८/८८, १३६/८८. चेहरा सुजलाय, अंगठी निघत नाही. फोन केला.

बघा, यातला एकही आकडा १४०/९० ला पोचलेला नाही. पण तीन ओळी एकाखाली एक वाचल्या की कुणालाही दिसतं काय चाललंय. त्या फोननंतर लघवी तपासली, त्यात अल्ब्युमिन (प्रथिन) निघालं, रक्तात प्लेटलेट, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, आणि गोळीचा डोस वाढला.

घरी मोजतो म्हणून दवाखान्याची फेरी मात्र चुकवायची नाही. इंग्लंडमध्ये हजारो गरोदर बायकांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'बंप' अभ्यासात नुसतं घरी मोजल्याने निदान नेहमीच्या तपासणीपेक्षा काही लवकर झालं नाही. लघवी, रक्त आणि बाळाची वाढ घरच्या मशीनवर दिसत नाही. तरी माझं मत असं की जिथे तपासणी दोन-तीन आठवड्यांनी होते आणि सातव्या महिन्यात डॉक्टरच बदलतात, तिथे वही लागतेच.

आकडा आला, पुढे काय

घरी नीट बसून मोजल्यावर १३५/८५ च्या खाली असेल तर लिहा आणि कामाला लागा. १३५/८५ किंवा जास्त दोन-तीन वेळा लागोपाठ आलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करून सांगा. वरचं किंवा खालचं, कुठलंही एक वाढलं तरी ते वाढलेलंच धरायचं. खालचं ९२ आहे पण वरचं ठीक आहे, असा हिशेब नाही.

१४०/९० किंवा जास्त आलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून दाखवून या. १५०/१०० च्या पुढे गेलं तर लगेच निघा.

वरचं १६० किंवा खालचं ११० गाठलं तर ही तातडी आहे. पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचं खरं, पण तोवर घरच्यांना गाडी काढायला सांगून ठेवा. मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती इथून पुढे असते. असं बीपी तासाभराच्या आत औषधाने खाली आणावं लागतं, आणि ते दवाखान्यातच होतं. घरी जास्तीची गोळी गिळून थांबू नका.

गोळ्या चालू असताना ११०/७० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल तर तेही कळवा. बीपी फार उतरलं तर बाळाला रक्त कमी पोचतं.

आकडा चांगला, पण अंगाला बरं नाही

तेव्हा मशीनवर नाही, अंगावर विश्वास ठेवायचा. गोळीने न थांबणारं डोकं, डोळ्यांपुढे काजवे किंवा धुरकट दिसणं, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वर मधोमध दुखणं, दम लागणं, चेहरा आणि हात एकदम सुजणं, लघवी कमी होणं, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं एक जरी असलं तरी त्याच वेळी दवाखाना. नुसती पायाची सूज बहुतेकींना असते, तिची भीती नको.

पित्ताचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे खर्डा, कट, तांबडा रस्सा रोजचाच, त्यामुळे वरच्या पोटात दुखलं की दोष जेवणावर जातो. विसाव्या आठवड्यानंतर हे दुखणं लिव्हरला आलेल्या सुजेचं असू शकतं. आधी बीपी मोजा, मग जिऱ्याचं पाणी.

झटका (फिट, आकडी) आलाच तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोचणारं काढा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, अंगात आलंय म्हणत उदबत्ती तर अजिबात नको. १०८ ला फोन करा. यावर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन असतं आणि पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो. मोठं हॉस्पिटल लांब असेल तर वाटेवरचं केंद्र टाळू नका.

माहेर, रस्ता आणि पाऊस

गरोदरपणातला हा बीपीचा आजार विसाव्या आठवड्यानंतर, आणि जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतो. आपण बाईला माहेरी पाठवतो तेही नेमकं त्याच सुमाराला. डॉक्टर बदलतात, जुने कागद सासरच्या कपाटात राहतात. दुसऱ्या वेळी मी आईला सांगितलं, "मी येत नाही, तूच ये." आईला वाईट वाटलं, पण आली. तुम्हाला जायचंच असेल तर जाण्याआधी तिकडच्या डॉक्टरांना एकदा दाखवून या आणि वही, मशीन, सोनोग्राफीचे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा.

बाळंतपण कुठे करायचं ते बीपी चांगलं असतानाच ठरवा. रात्री सिझर होईल, रक्त मिळेल, कमी दिवसांचं बाळ सांभाळता येईल अशी जागा हवी. सरकारीत कोल्हापूरला सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) आहे, तिकडे आजरा-चंदगडच्या बाजूला आधी गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय. सरकारी दवाखान्यात जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते. त्या गाडीसाठी १०२.

तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर पुराचा विचार आत्ताच करा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेसुद्धा बंद पडला होता, मग आतल्या रस्त्यांचं काय बोलायचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की पंचगंगा, वारणा किंवा कृष्णेकाठच्या गावातल्या जोखमीच्या गरोदर बाईने दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे हलावं. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नये. गोळ्या पंधरा दिवसांच्या सोबत ठेवाव्यात.

मीठ आणि बाकी

मीठ तोडायची गरज नाही, त्याने हा आजार टळत नाही. लोणचं, पापड, फरसाण हात राखून, एवढंच. आधीपासून बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी केंद्रात चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला दोन मिळतात, त्या आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका. अंगदुखीला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत.

बाळंत झाल्यावर

'सुटली बाई' म्हणून सगळे बाळाकडे वळतात, आणि बीपी बहुतेकदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं. म्हणजे घरी आल्यावर, शेक-शेगडीच्या गडबडीत. माझं पाचव्या दिवशी १५४/१०० होतं आणि डोकं ठणकत होतं. घरात सगळ्यांचं एकच मत, वारं लागलं, कानाला फडकं बांध. मी फडकं बांधलं आणि दवाखान्यात गेले.

पहिला आठवडा रोज दोनदा मोजा, मग सव्वा महिना डॉक्टर सांगतील तसं. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, म्हणून वरची सगळी लक्षणं इथेही तशीच धरायची. गोळ्या दुधात उतरतील या भीतीने सोडू नका. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या आहेत, डॉक्टर त्याच देतात.

तीन महिन्यांनी एकदा बीपी, लघवी आणि किडनीची तपासणी करा. तोवरही बीपी चढलेलं असेल तर ते आता कायमचं आहे का ते बघावं लागतं. पुढे दरवर्षी एकदा बीपी आणि साखर, कारण गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वही डिस्चार्ज कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवा. पुढच्या खेपेला, किंवा पंधरा वर्षांनी छातीत दुखतंय म्हणून जाल तेव्हाही, डॉक्टरांनी न विचारता ती पुढे करा.